नळीतली गाळणी आणि कारखान्यातला कडक चहा

पेण तालुक्यातलं जोहे आणि त्याच्या आसपासचा हमरापूर परिसर गणेशमूर्तींच्या कारखान्यांसाठी ओळखला जातो. साच्यातून काढलेली कच्ची मूर्ती वाळवायची, पॉलिशपेपरने घासायची, रंगवायची आणि सगळ्यात शेवटी डोळ्यांची आखणी करायची, हे काम इथं चालतं आणि हंगामाच्या तोंडावर तर रात्रीचा दिवस होतो. घासकामाची पांढरी भुकटी हवेत तरंगत असते, हात रंगाने माखलेले असतात आणि मध्येच चहा येतो. दूध-साखर घालून उकळलेला, गाळून किटलीत किंवा थर्मासात भरलेला, छोट्या कपांत वाटला जाणारा. अशा जागेसाठीच मुद्दाम केली असावी अशी एक वस्तू गेल्या काही वर्षांत ऑनलाइन बाजारात दिसते. स्टीलची नळी आणि तिच्या खालच्या टोकाला बारीक गाळणी. ग्लासात चहाची पत्ती किंवा कॉफीची भरड टाका, गरम पाणी ओता, नळी बुडवा आणि प्या. शेगडी नको, गाळणं नको, टी-बॅग नको, असा तिचा दावा. दावा खोटा नाही. तरीही कारखान्यातला तो कडक चहा या नळीने होणार नाही. दोष नळीच्या दर्जाचा नाही. गाळणी चोथा अडवते एवढंच आपण पाहतो, पण चहा उतरायचा कुठं थांबवायचा हेही तीच ठरवते. नळीत शिरल्यावर तिचं हे दुसरं काम सुटतं, आणि या वस्तूचे बहुतेक गुणदोष तिथून निघतात.

नळीने गाळून पिण्याची युक्ती जुनी आहे. कॉकेशस पर्वताच्या उत्तरेला मायकोप इथं 1897 साली निकोलाय वेसेलोव्स्की या रशियन संशोधकाने एक मोठं थडगं उकरलं. त्यात सोन्या-चांदीच्या आठ पोकळ नळ्या निघाल्या, प्रत्येक मीटरभराहून लांब. शंभरहून अधिक वर्षं त्यांना राजदंड किंवा छताच्या काठ्या समजलं गेलं. 2022 मध्ये ‘अँटिक्विटी’ या नियतकालिकात रशियन अभ्यासकांनी मांडणी केली की त्या एकाच भांड्यातून अनेकांनी बिअर पिण्याच्या नळ्या असाव्यात. कारण त्यांच्या टोकांना गाळण्या आहेत आणि एका गाळणीतल्या गाळात बार्लीच्या स्टार्चचे कण मिळाले. हे थडगं साडेपाच हजार वर्षांपूर्वीच्या सुमाराचं. पण एवढं लांब जायचीही गरज नाही. सिक्कीम आणि दार्जिलिंगच्या डोंगरांत तोंगबा पितात, तो आंबवलेल्या नाचणीचा. लाकडाच्या किंवा बांबूच्या उंच पात्रात नाचणी भरायची, वरून गरम पाणी ओतायचं, थोडं थांबायचं आणि बांबूच्या नळीने ओढायचं. त्या नळीचं खालचं टोक पेरावर बंद असतं आणि त्याच्या किंचित वर बाजूने बारीक चिरा असतात. बूड बंद आणि भोकं बाजूला, हा बारकावा महत्त्वाचा आहे. तळाशी बसलेला गाळ सरळ नळीत ओढला जात नाही. आजच्या स्टीलच्या नळ्यांतही हीच रचना आढळते. नाचणी रायगडच्या डोंगरउतारांवरही पिकते. आपण तिची भाकरी आणि आंबील करतो, ही गोष्ट वेगळी.

या घराण्यातली सगळ्यात प्रसिद्ध नळी मात्र दक्षिण अमेरिकेतली. तिथल्या ग्वारानी लोकांकडून आलेलं येरबा माते हे पेय अर्जेंटिना, उरुग्वे, पॅराग्वे आणि दक्षिण ब्राझीलमध्ये घरोघरी चालतं. अर्जेंटिनाने 2013 मध्ये कायद्याने त्याला राष्ट्रीय पेयाचा मान दिला. एका झाडाची वाळलेली, कुटलेली पानं वाळक्या भोपळ्याच्या मुठीएवढ्या पात्रात निम्म्याहून अधिक भरतात आणि ‘बोंबिया’ नावाच्या धातूच्या नळीने पितात. पाहण्यासारखी आहे ती पिण्याची रीत. पाणी उकळतं नसतं, साधारण 70 ते 80 अंशांचं असतं. ते एका वेळी थोडंसंच ओततात, दोन-चार घोटांत संपवतात आणि पुन्हा ओततात. पानं पात्रातच राहतात, पण पाणी पानांबरोबर फार वेळ राहत नाही. म्हणजे गाळणीचं सुटलेलं दुसरं काम तिथं घोटच करतो. पाणी संपलं की त्या खेपेचं उतरणंही संपलं. तोंगब्यात हा प्रश्न फारसा येत नाही, कारण नाचणीत पानासारखा तुरटपणा उतरत नाही. नळीची गाळणी जिथं जिथं टिकली तिथं एकतर पेय रेंगाळल्याने बिघडणारं नव्हतं, नाहीतर लोकांनी ते रेंगाळू न देण्याची सवय लावून घेतली होती.

आता आपला चहा पाहू. महाराष्ट्रात घरात, टपरीवर, कारखान्यात जी वापरतात ती चहा पावडर, म्हणजे सीटीसी चहा. आसामात 1930च्या सुमारास विल्यम मॅककर्चर यांनी काढलेल्या पद्धतीत पान दातेरी रोलरांतून चिरडलं, फाडलं आणि वळवलं जातं. त्याचे टणक दाणे होतात. भारतात होणाऱ्या चहापैकी फार मोठा हिस्सा याच प्रकारचा आहे आणि स्वस्त पावडरीत अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक भुकटी भरपूर असते. बारीक दाण्याचं गणित सोपं आहे. 2 मिलिमीटर बाजूच्या घनाचे अर्ध्या मिलिमीटरचे तुकडे केले तर ते 64 होतात आणि पाण्याला भिडणारा पृष्ठभाग चौपट होतो. म्हणून पावडर चटकन रंग सोडते, थोडक्यात पुष्कळ कप निघतात. पण जे चटकन रंग सोडतं ते चटकन तुरटही होतं. आधी कॅफीन आणि रंग उतरतात, तुरटपणा वाढवणारे घटक मागून येत राहतात. घरी आपण आधण उतरवलं की लगेच गाळतो, म्हणजे घड्याळ थांबवतो. नळीच्या ग्लासात ते थांबत नाही. पहिला घोट बरा, मधले कडक आणि तळाचे कडवट, असा एकाच ग्लासात तीन प्रकारचा चहा मिळतो.

अडचण चवीवर संपत नाही, ती नळीच्या भोकांतही आहे. भुकटी अडवायची तर भोकं फार बारीक हवीत. द्रव बारीक वाटेतून ओढताना वाटेचा व्यास निम्मा केला, तर तेवढ्याच जोराला प्रवाह सोळाव्या हिश्शावर येतो, हा संथ प्रवाहाचा नियम आहे. म्हणून बोंबियाचं टोक चमच्यासारखं पसरट आणि अनेक भोकांचं करतात. एकेका भोकाची कमतरता संख्येने भरून काढायची. तरीही फुगलेली भुकटी भोकांवर थर धरते आणि मग गाल आत जाईपर्यंत ओढूनही घोट येत नाही. भोकं मोठी ठेवली तर दातांत कण येतात. या दोन्हींच्या मधली जागा पानांच्या चहासाठी आणि भरड कॉफीसाठी आहे, आपल्या पावडरीसाठी ती उरत नाही. त्यातून दूध. दुधातलं केसीन हे प्रथिन चहाच्या तुरट घटकांना धरून ठेवतं, म्हणून इतका कडक काढलेला चहाही आपल्याला गुळगुळीत लागतो. दूध, साखर, उकळी, पावडर आणि गाळणं ही पाचही एकमेकांना सांभाळून घेतात; त्यातलं एक बदललं की बाकीची चार बिनसतात. शिवाय दुधाची साय आणि प्रथिनं जाळीत अडकली की कोकणातल्या दमट हवेत संध्याकाळपर्यंत नळीला वास सुटणार, हे कुणाही गृहिणीला सांगावं लागणार नाही.

इथं एक आक्षेप येतो. उकळलेल्या चहाची ही रीत काही वेदकाळापासूनची नाही, मग तीच धरून का बसायचं? आक्षेपात तथ्य आहे. भारतात चहा खपवण्यासाठी 1903 मध्ये चहावर उपकर बसवून प्रचाराचा पैसा उभा केला गेला आणि रेल्वे स्टेशनं, कारखाने, गिरण्या इथं चहाचे ठेले उभे राहिले. प्रचारकांनी शिकवलेली रीत इंग्रजी होती: किटलीत पत्ती घाला, उकळतं पाणी ओता, काही मिनिटं थांबा, ओता. लोकांनी ती ऐकली आणि आपल्या पद्धतीने मोडली. पत्ती महाग, म्हणून ती उकळून तिच्यातून शेवटचा रंग काढायचा. दूध आणि साखर हे पोटाला आधार, म्हणून ते सढळ घालायचं. स्वातंत्र्यानंतर स्वस्त सीटीसी चहा पसरला तेव्हा ही रीत पक्की झाली. म्हणजे ती परंपरेच्या धाकाने आलेली नाही, हिशेबाने आलेली आहे. दिवसभर हाताने काम करणाऱ्या माणसाला कमी पैशांत गरम, गोड, दुधाळ पेय मिळतं, हा तो हिशेब. नळी यातलं काहीही स्वस्त करत नाही. उलट ती मोठ्या पानाचा महाग चहा मागते.

कॉफीच्या बाबतीत नळीची बाजू अधिक भक्कम आहे, हे कबूल करायला हवं. भरड दळलेली कॉफी गरम पाण्यात चार-पाच मिनिटं ठेवून धातूच्या जाळीने खाली दाबायची, ही फ्रेंच प्रेसची पद्धत जगभर चालते आणि नळी जवळजवळ तेच करते. फरक एवढाच की प्रेसमधून कॉफी दुसऱ्या कपात ओतून घेता येते, नळीत भरड शेवटच्या घोटापर्यंत सोबत राहते. दक्षिणेतल्या फिल्टर कॉफीचं दोन मजली भांडं पाहिलं की वेळेचा मुद्दा पुन्हा दिसतो. वरच्या मजल्यावर पूड, खालच्या मजल्यावर थेंबथेंब उतरलेला अर्क. एकदा खाली आलेला अर्क पुन्हा पुडीला भेटत नाही, म्हणून तो तासन् तास राहिला तरी अधिक कडवट होत नाही. त्या पुडीत बहुधा चिकोरी असते. आपल्याकडच्या अन्न नियमांनुसार कॉफी-चिकोरी मिश्रणात किमान 51 टक्के कॉफी असावी लागते, म्हणजे 49 टक्क्यांपर्यंत चिकोरी चालते. चिकोरी भिजून मऊ पडते आणि जाळी तुंबवते, तेव्हा दुकानातली तयार फिल्टर पूड नळीला चालणार नाही. आणखी एक गोष्ट प्रकृतीची. कॉफीच्या तेलात कॅफेस्टॉल आणि कावेओल ही द्रव्यं असतात, ती रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल वाढवतात. कागदाचा फिल्टर ती अडवतो, धातूची जाळी अडवत नाही. दिवसाकाठी एखाद्या कपाने बिघडत नाही, पण दिवसभर नळीने कॉफी ओढणाऱ्या आणि कोलेस्टेरॉलच्या गोळ्या घेणाऱ्या माणसाने हे ध्यानात घ्यावं.

नळीच्या बाजूने सगळ्यात जोरात मांडला जातो तो पर्यावरणाचा मुद्दा. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाच्या संशोधकांनी 2019 मध्ये प्रसिद्ध केलं की प्लॅस्टिकच्या जाळीची एक टी-बॅग 95 अंशांच्या पाण्यात ठेवली तर सुमारे 1160 कोटी सूक्ष्म प्लॅस्टिक कण सुटतात. या आकड्यावर पुढे आक्षेप घेतले गेले, पण कण सुटतात एवढं कुणी नाकारलं नाही. आयआयटी खरगपूरच्या 2020च्या अभ्यासात कागदी कपात 100 मिलिलिटर गरम द्रव 15 मिनिटं ठेवल्यावर, आतल्या पातळ प्लॅस्टिक अस्तरातून सुमारे 25,000 सूक्ष्म कण द्रवात आल्याचं दिसलं. हे सगळं मान्य. प्रश्न असा की नळी यातलं काय वाचवते? ती टी-बॅग वाचवते, आणि आपल्याकडे टी-बॅग वापरली जाते ती मुख्यतः हॉटेलात आणि ऑफिसात. घरातलं स्टीलचं गाळणं आणि टपरीवरचं फडकं ही दोन्ही मुळातच वर्षानुवर्षं वापरायची साधनं आहेत. कारखान्यात कचरा होतो तो कपांचा, आणि कप वाचवायला नळी लागत नाही, प्रत्येकाच्या नावाचा एक स्टीलचा पेला पुरतो. महाराष्ट्रात 2018 मध्ये आणि देशभर 1 जुलै 2022 पासून प्लॅस्टिकच्या स्ट्रॉवर बंदी आली म्हणून स्टीलची नळी घ्यावी, असंही सांगतात. पण गरम चहा स्ट्रॉने पिणारा माणूस आपल्याकडे होता कधी?

धुळीचा मुद्दा मात्र खरा आहे. घासकाम चालू असलेल्या खोलीत उघडा कप ठेवला तर प्लॅस्टरची भुकटी त्यात पडणारच. झाकणाचा पेला आणि झाकणातून वर आलेली नळी, ही रचना तिथं उपयोगी आहे. पण त्यातही एक मेख आहे: ओठाला लागणारं टोक उघडंच राहतं आणि रंगाने भरलेला हात नेमका तिथंच धरतो. कपाला निदान कान असतो. टोकाला टोपण असलेली नळी घेतली आणि हात धुण्याची सवय ठेवली तर हा दोष आटोक्यात येतो, अर्थात हात धुतलेच तर बाहेर ओट्यावर जाऊन साध्या कपातून चहा प्यायलाही हरकत नाही.

याहून गंभीर गैरसमज पाण्याचा आहे. ‘फिल्टर’ म्हटलं की पाणी शुद्ध होतं असं वाटतं. स्टीलच्या जाळीने ते होत नाही, आणि गाळण्याने काय अडतं, काय अडत नाही, हे नारू या जंताच्या रोगाच्या गोष्टीवरून कळतं. नारूची पिल्लं पाण्यातल्या सायक्लॉप्स नावाच्या बारीक किड्यात राहतात. तो डोळ्यांना जेमतेम दिसेल एवढा, म्हणजे फडक्यात अडकेल एवढा मोठा असतो. त्यामुळे पाणी दुहेरी फडक्यातून गाळून प्या, हा साधा उपाय भारतात 1980च्या दशकात सुरू झालेल्या निर्मूलन कार्यक्रमात चालला. महाराष्ट्रही बाधित राज्यांपैकी एक होता. देशातला शेवटचा रुग्ण 1996 साली राजस्थानात आढळला आणि 2000 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त जाहीर केला. आफ्रिकेत याच कामासाठी जाळी बसवलेल्या छोट्या नळ्या गुराख्यांना आणि भटक्या लोकांना लाखांनी वाटल्या गेल्या. पण कॉलऱ्याचा जंतू मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या घरातला. चहाच्या नळीची जाळी त्याच्या शंभरपटीहून मोठी भोकं घेऊन बसलेली असते. पाण्यातले जंतू अडवणाऱ्या ज्या नळ्या मिळतात त्यांच्या आत पोकळ तंतूंचा दाट झुबका असतो आणि त्यातून गरम चहा ओढायचा नसतो. ती वस्तूच निराळी. इथं उकळलेल्या चहाची बाजू वरचढ ठरते. आधण उकळलं की पाणीही निर्धोक होतं, ते वेगळं करावं लागत नाही. थर्मासातलं कोमट-गरम पाणी ओतून नळीने प्यायचं असेल तर ते आधी उकळलेलं आहे ना, हे स्वतः पाहावं लागतं.

गरम घोटाबद्दल थोडं. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2016 मध्ये 65 अंशांहून अधिक गरम पेयं अन्ननलिकेच्या कर्करोगाला बहुधा कारणीभूत असल्याचं म्हटलं. त्याच वेळी, फार गरम नसलेल्या मातेला त्या यादीतून वगळलं. म्हणजे दोष पानाचा नाही, तापमानाचा आहे. कपाने पिताना ओठ आधी अंदाज घेतात, आपण फुंकर घालतो, फुरका मारतो आणि त्यात चहा निवतो. बशीत ओतून पिणाऱ्यांनी तर हा प्रश्न केव्हाच सोडवला आहे. नळी मात्र गरम द्रव ओठांना टाळून थेट जिभेच्या मध्यावर सोडते. स्टील चांदीच्या मानाने उष्णता फार कमी वाहतं, म्हणून स्टीलची नळी चांदीच्या बोंबियासारखी ओठाला भाजत नाही, आणि त्यामुळेच आतला घोट किती गरम आहे याची सूचनाही देत नाही. शिवाय ती कडक असते. स्टारबक्सने 2016 मध्ये लहान मुलांच्या तोंडाला जखमा झाल्यावर सुमारे 25 लाख स्टीलच्या नळ्या परत मागवल्या होत्या. ‘कुठेही, प्रवासातही’ अशी जाहिरात वाचून ही नळी पेणहून पुढे मुंबई-गोवा महामार्गावरच्या एसटीत वापरायचा विचार असेल, तर त्या रस्त्याच्या खड्ड्यांची कीर्ती आधी आठवावी.

मग ही नळी घेऊच नये का? घ्यावी, पण तिला मानवेल ते पेय तिला द्यावं, आणि असं एक पेय या भागात परसातच उगवतं. गवती चहाची पानं लांब, चिवट असतात. कात्रीने बोटाच्या पेराएवढे तुकडे केले की ती कुठल्याही जाळीत अडकत नाहीत. त्याचा वास सिट्रल या उडून जाणाऱ्या तेलद्रव्याचा, म्हणून उकळत ठेवण्यापेक्षा गरम पाणी ओतून झाकण ठेवणं त्याला अधिक सोसतं. काळ्या चहासारखा तुरटपणा त्यात नसल्यामुळे पानं तासभर पाण्यात राहिली तरी पेय बिघडत नाही, पाणी पुन्हा भरता येतं. तुळशीची पानं, ठेचलेलं आलं, दालचिनीचा तुकडा, ओवा सोडून बाकी खडा मसाला यांनाही हे लागू पडतं; ओव्याचे दाणे भोकांत बसतात. दुधाशिवाय पानांचा हिरवा चहा पिणाऱ्याला नळी सोयीची आहे, मात्र पेला लहान घ्यावा आणि माते पिणाऱ्यांसारखं पाणी थोडं थोडं ओतावं. भरड कॉफीलाही हाच नियम. घेताना टोक फिरकीने उघडतं का, आतून घालायचा बारीक ब्रश सोबत आहे का आणि स्टील खाद्यपदार्थांच्या भांड्यांच्या दर्जाचं, 304 क्रमांकाचं आहे का, एवढं बघावं. वापरून झाल्यावर लगेच धुवावी आणि उभी वाळवावी. एकाची नळी दुसऱ्याने वापरू नये. टोक उघडत नसेल तर ती नळी कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका, आणि दुधाच्या चहाला घरातलं गाळणंच ठेवा.